वापर नाही

२०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले आणि कराडात कोल्हापूर नाक्यावर बीएसएनएलची छत्री लागली. छत्रीखाली प्लास्टिकचं टेबल, अंगठ्याचं यंत्र घेऊन बसलेली दोन पोरं, आणि पावसाची भुरभुर चुकवत अर्धे आत अर्धे बाहेर असे उभे आम्ही सगळे. घरातल्या सगळ्यांच्या रिचार्जची बेरीज बघून भावाने फॅमिली ग्रुपवर 'आपलं सरकारी काय वाईट होतं?' असं टाकलं होतं. त्यावर भराभर अंगठे आले आणि रांगेत उभं राहायचं काम माझ्यावर आलं. रांग जरा पुढे सरकते न सरकते तोच मागून आवाज आला, "काय गं, आलीस व्हय परत?" वळून बघितलं तर आमच्या गल्लीतले काका. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले, केबलची कामं करत करत म्हातारे झाले, आणि २०२० च्या जानेवारीअखेरीस व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन घरी बसले. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर पावसासाठी ओढलेली दुसरी पिशवी. "लई उशीर केलास," म्हणाले, "तुमी सगळ्यांनी मिळून आमाला घरी बसवलं, आन आता रांगा लावताय!"

हसत म्हणाले. रांगेतले दोघं-तिघंही हसले, मीही हसले. मग कोथिंबीर केवढ्याला मिळाली यावर बोलणं गेलं आणि काका निघून गेले. अंगठा दिला, सिम घेतलं, घरी आले. पण त्या रात्री भांडी घासताना मी मनातल्या मनात काकांशी वाद घालत होते आणि वादात माझी बाजू काही केल्या नीट उभी राहत नव्हती.

काकांचं काम मी जवळून पाहिलंय. आमच्या दारासमोर रस्ता रुंद करायला जेसीबी आला आणि पहिल्याच दिवशी त्याने जमिनीतली केबल तोडली. संध्याकाळी काका खड्ड्यात उतरले. वर काळी छत्री बांधलेली, कडेला कंदील. केबलचं जाड काळं आवरण सोललं की आतून चिकट जेली निघायची, ती चिंधीनं पुसून काढली की खाली केसांसारख्या बारीक तारांचा झुबका. प्रत्येक घराला तारांची एक जोडी. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा हे पाच रंग. आणि त्यांच्या जोडीदारांचे पांढरा, लाल, काळा, पिवळा असे दुसरे. अशा जोड्यांचा एक गठ्ठा, आणि असे कितीतरी गठ्ठे एका केबलमध्ये. काका ते रंग पाढे म्हणावेत तसे ओठांतल्या ओठांत म्हणत एकेक जोडी जुळवायचे. मध्येच चिमट्यांचा फोन एखाद्या जोडीला लावून "हॅलो, टेस्टिंग" म्हणायचे. नेमकं तेव्हाच कुणी त्या घरी फोन लावला तर रिंगच्या करंटने बोटांना झटका बसायचा. मग त्या घरातल्या सात पिढ्यांचा उद्धार. आम्ही पोरं खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसून त्या शिव्यांची वाट बघायचो. रात्री उशिरा फोन वाजला की आई म्हणायची, आली आपली जोडी.

तांब्याच्या त्या तारेतून नुसता आवाज यायचा नाही, फोनला लागणारी वीजही यायची. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर सगळ्या गावाचे फोन चालत, त्यामुळे वादळात आख्खी गल्ली अंधारात बुडाली तरी फोन जिवंत. या गोष्टीचं कुणाला कौतुक नव्हतं. चालू असलेल्या वस्तूचं असतंच कधी? कौतुक होतं ते लाइनमनचं, आणि तेही भीतीपोटी. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघण्याचा काळ फार मागे पडलेला नव्हता. दिवाळीला काकांच्या घरी फराळाची ताटं जात, सोबत पाकिटं. काका पाकीट परत करत, फराळ ठेवून घेत. सगळेच काही काकांसारखे नव्हते. पावसाळ्यात खांबावर चढायला चहापाणी मागणारे होते, 'साहेब साइटवर गेलेत' हे वाक्य तोंडपाठ असलेले होते. दुसरं दुकानच नव्हतं तेव्हा गिऱ्हाईक जाणार कुठे? आज खात्याच्या आठवणीने गळा दाटून येणाऱ्यांनी तेव्हाची ती लाचारीही आठवावी.

एवढं असून आमच्या घरचा लँडलाइन मी बंद केला, तेव्हा तो ठणठणीत होता. हीच तर माझ्या बाजूची अडचण. जिओ आल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. फोन मेला नव्हता, बिलात घोळ नव्हता, कुणी उद्धट बोललं नव्हतं. फक्त कुणी तो उचलत नव्हतं. वाजला तरी समोरून कर्जाची नाहीतर विम्याची मुलगी बोलायची. ऑफिसात एक छापील फॉर्म मिळाला, त्यात 'कारण' असा रकाना. मी लिहिलं, 'वापर नाही'. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं, पुढच्या फॉर्मवर लिहिलेलंही बहुधा तेच असावं, कारण त्यांनी मान वर केली नाही. दुधी रंगाचा, आकड्यांची बटणं पिवळी पडलेला आमचा फोन त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला. शिपायाने उचलून मागे नेला. मागे तशा फोनांचा ढीग होता, वायरी एकमेकांत अडकलेल्या. डिपॉझिट परत मिळालं. त्या पैशाचं काय केलं ते आठवत नाही, यावरूनच ते किती असेल ते समजा.

माझ्या एका फॉर्मने कुणाची नोकरी गेली नाही. पण तसं म्हटलं तर कुणाच्याच एका फॉर्मने गेली नाही.

वाद घालायचा तर नीट घालावा म्हणून मी मागची वर्षं पुन्हा एकदा मांडून बघितली. २००० साली दूरसंचार खात्यातून बीएसएनएल वेगळी निघाली. २००२ मध्ये तिचं मोबाइल आलं तेव्हा सिमसाठी रांगा लागल्या होत्या, २०२४ च्या आमच्या रांगेपेक्षा कितीतरी लांब. २००४-०५ मध्ये कंपनीने दहा हजार कोटींच्या वर नफा कमावला. आणि पहिला तोटा झाला तो २००९-१० मध्ये. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर आली ती २० जानेवारी २०११ ला. म्हणजे आपण नंबर घेऊन पळू शकायच्या आधीच घराला गळती लागली होती. का लागली? ज्या वर्षांत गल्लीगल्लीत मोबाइल शिरत होता, नेमक्या त्या वर्षांत या कंपनीला माल घ्यायला मिळाला नाही. साडेचार कोटी लाइन्सची, म्हणजे तेवढ्या मोबाइल जोडण्यांच्या यंत्रांची, मोठी निविदा कोर्टकज्ज्यांत आणि मंत्रालयाच्या फेरविचारात अडकून निम्म्यावर आली. पुढची ९ कोटी ३० लाख लाइन्सची निविदा २०१० मध्ये रद्दच झाली. त्याच वर्षी थ्रीजी आणि ब्रॉडबँडच्या स्पेक्ट्रमसाठी, म्हणजे हवेतल्या लहरींच्या पट्ट्यासाठी, साडेअठरा हजार कोटी सरकारला भरावे लागले. लिलावात खासगीवाल्यांनी लावलेला भाव, पण स्पेक्ट्रम कुठला घ्यायचा हे ठरवायची मुभा नाही. गाठीला असलेली गंगाजळी तिथे गेली. सगळा देश फोरजीवर व्हिडिओ बघत होता तेव्हा बीएसएनएलकडे फोरजीचा स्पेक्ट्रम नव्हता. तो देण्याचा निर्णय झाला ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि त्याच पॅकेजमध्ये व्हीआरएसही होती. मग यंत्रं देशीच हवीत असं ठरलं, आधीची निविदा पुन्हा रद्द, आणि देशी फोरजीचं उद्घाटन झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर इतरांचं फाइव्हजी गावात पोचून जुनं झालं होतं.

एवढं मांडल्यावर मला हायसं वाटलं. बघा काका, आम्ही नाही, त्यांनी बसवलं तुम्हाला. दुकानात माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून नोकराला घरी पाठवायचं, यात गिऱ्हाइकाचा काय दोष? मी घरी पगार आणणारी बाई आहे, धर्मादाय ट्रस्ट नव्हे. कुणाची नोकरी टिकावी म्हणून नको असलेली वस्तू दर महिन्याला विकत घ्यायची, हा व्यवहार नव्हे, वर्गणी झाली. एवढ्यावर माझी बाजू भक्कम होती आणि अजूनही मला ती भक्कमच वाटते.

फक्त एक गोष्ट तिच्यात बसत नाही. या दुकानाची मालकीणही मीच होते.

मी म्हणजे आपण सगळेच. शंभर टक्के सरकारी कंपनी, शेअर बाजारात नाही, भागधारकांची सभा नाही. असती तर निदान सामोसा खाऊन आलो असतो. टाटाचं किंवा बिर्लाचं दुकान बुडालं तर गिऱ्हाईक म्हणून हात झटकून पुढे जाता येतं. इथे गिऱ्हाईक म्हणून दारातून बाहेर पडलो तरी मालक म्हणून आतच राहतो. आणि मालक म्हणून आपण काय केलं? निविदा रद्द झाल्याची बातमी आतल्या पानावर होती, आपण पान उलटलं. साडेअठरा हजार कोटींची बातमी तर आपल्याला कौतुकाची वाटली, सरकारच्या तिजोरीत केवढा पैसा आला म्हणून. फोरजी का देत नाही, हे एकाही प्रचारसभेत कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मी विचारलं नाही. आपल्याला मालकी आठवली ती थेट २०१९ मध्ये, सुमारे ६९ हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हा. 'आमच्या करातून या पांढऱ्या हत्तीला का पोसायचं?' तोवर आपण नुसते गिऱ्हाईक होतो, त्या दिवशी एकदम करदाते झालो. नोकरांना काढायच्या वेळी मालकीण जागी झाली म्हणायचं.

आणि आमच्या गल्लीत त्या बातमीने थोडा आनंदही झाला होता. तो लपवण्यात अर्थ नाही. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेल्यांची, 'लंच टाइम आहे' ऐकून उन्हात उभी राहिलेल्यांची एक पिढी होती. तिला हा सूड उगवल्यासारखं वाटलं. "बसा आता घरी" हे वाक्य मी बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठे कुठे ऐकलं. ज्याने त्यांना उन्हात उभं केलं होतं तो बहुधा केव्हाच पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झाला होता.

७८ हजारांहून जास्त माणसं एका दिवसात बाहेर पडली, ३१ जानेवारी २०२० ला. मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधली आणखी १४ हजार. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी योजना होती. झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या दर वर्षामागे २५ दिवसांचा. काकांना ढकलून काढलं असं म्हणणं तर पूर्ण खरं नाहीच. त्यांनी सही केली, पैसे बरे मिळाले, वरची खोली बांधून झाली, पेन्शन चालू आहे. वर्षभर आधी, फेब्रुवारी २०१९ चा पगार मार्चच्या मध्यापर्यंत झाला नव्हता. खात्यात असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे जे मिळतंय ते घेऊन निघावं, हा हिशोब काकांनी बरोबर केला. त्यांचं दुखणं वेगळं. ते एकदा ओट्यावर बसून माझ्या वडिलांना सांगत होते. सकाळी साडेनऊला जायचं कुठं हे कळत नाही, आणि रस्त्याने चालताना नजर आपोआप पिलर बॉक्सकडे, रस्त्याकडेच्या तारांच्या पेटीकडे, जाते. दार उघडं असलं तर ते अजूनही लावून घेतात. आत तांब्याच्या तारा उरल्यात की चोरीला गेल्यात, ते मात्र बघत नाहीत.

ज्याचं खरंच गेलं तो काकांचा मदतनीस. शिडी खांद्यावर घेऊन मागे चालणारा, खड्डा खणणारा, केबल ओढणारा. तो खात्याचा नव्हता, ठेकेदाराचा होता, म्हणून त्याला व्हीआरएस नव्हती. त्याला पत्रही आलं नाही, नुसतं बोलावणं बंद झालं. २०१९ मध्ये देशभर अशा कंत्राटी माणसांचे पगार महिनोन्महिने थकले होते. त्या नोव्हेंबरात केरळात नीलंबूरच्या ऑफिसात अशाच एका कामगाराने गळफास लावून घेतला. बातमी छोटी होती. ७८ हजारांच्या आकड्यात ही माणसं मोजलेली नाहीत. बाहेर पडलेल्यांच्या कुठल्याही आकड्यात ती येत नाहीत, कारण कागदावर ती कधी आत नव्हतीच. काकांच्या 'आमाला घरी बसवलं' या वाक्यातल्या 'आमाला'मध्येही तो मदतनीस होता का, हे मला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

खासगी कंपन्यांच्या बाबतीत आपण इतका विचारही करत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सहा-सात महिने सगळं फुकट मिळालं. पुढच्या दीड वर्षात रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइलवरचं बोलणं बंद केलं, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांनी आपला मोबाइलचा धंदा एअरटेलला देऊन टाकला, टेलिनॉरही तिकडेच गेली. कॉल सेंटरवाले, टॉवरवाले, दुकानादुकानांत सिम पोचवणारी मोटरसायकलवरची पोरं, हजारोंनी. आपल्याला काळजी एकच, उरलेला बॅलन्स जातोय का आणि पोर्टिंगचा कोड येतोय का. तिथे दोष कुणाचा? फुकट देणाऱ्याचा म्हणावा तर घेणारे आपणच होतो. घेणाऱ्याचा म्हणावा तर पदरात पडणारं नाकारायला कुणी संत नव्हतं. मी त्या दीड वर्षाकडे दोष म्हणून बघत नाही, उधारी म्हणून बघते. दहा-बारा कंपन्या होत्या तेव्हाचा स्वस्त दर आपण खाल्ला. तीन खासगी आणि एक आजारी सरकारी उरल्यावर त्याचं बिल आलं, २०२४ च्या जुलैत. त्या महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख नवे ग्राहक मिळाले, त्यांतली एक मी. नोव्हेंबरात आकडा पुन्हा घसरू लागला. आमच्या भावानेच ग्रुपवर लिहिलं, 'गावाबाहेर ठीक आहे, पण नेट चालत नाही.' त्यावरही अंगठे आले.

निरोपाला गर्दी करणं मात्र आपल्याला छान जमतं. १४ जुलै २०१३ ला तारसेवेचा शेवटचा दिवस होता आणि देशभर तारघरांपुढे माणसं दाटली. जन्मात कधी तार न केलेली पोरं स्वतःच्याच पत्त्यावर तार करत होती. एचएमटीचं घड्याळ बंद होणार म्हटल्यावर तसंच झालं, मनगटावर क्वार्ट्झ मिरवणारे 'जनता' आणि 'पायलट' ही तिची मॉडेलं शोधत दुकानोदुकानी फिरले. त्यांतल्या दर माणसाने आधीच्या दहा वर्षांत एक घड्याळ घेतलं असतं तर कारखाना वाचला असता, असा भाबडा हिशोब मी मांडणार नाही. नसताच वाचला. पण त्या गर्दीतला हळवेपणा मला परवडणारा वाटतो. त्याला किंमत पडत नाही.

घरी आता फायबर आहे. कुठल्या कंपनीचं, त्याला महत्त्व नाही. जोडायला एक तरुण पोरगा आला होता, पाठीवर सॅक, सॅकमध्ये तारा जोडायचं यंत्र. काचेचा धागा सोलायचा, पुसायचा, टोकाला सरळ कापायचा, यंत्रात ठेवायचा. छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, निळसर ठिणगी, झालं. रंग तिथेही तेच, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. मी म्हटलं, "हे रंग मला पाठ आहेत." त्याला त्यात विशेष वाटलं नाही. चहा घेता घेता विचारलं, पगार किती देतात? म्हणाला, पगार नाही, कनेक्शनवर पैसे. जोडलं की इतके, दुरुस्तीला गेलं की इतके. पेट्रोल आपलं. आजारी पडलं की शून्य. मग मी जरा चाचरतच म्हटलं, "समजा उद्या मी ही कंपनी सोडली, तर तुझं नुकसान होईल ना?"

तो मोकळेपणाने हसला. "नाही ओ ताई, मी सगळ्यांचीच करतो. तोडायला पण मीच येतो, जोडायला पण मीच. बदलायचं झालं की कंपनीला नको, मलाच फोन करा," म्हणाला, आणि राउटरच्या पाठीवर मार्करने स्वतःचा नंबर लिहून गेला.